विज्ञानकथेतील संभाव्यता आणि पात्र

१

जी घटना घडलेली नाही आणि ज्ञात निसर्गनियमांनुसार आज घडू शकत नाही, तिच्यावर वाचकाचा विश्वास का बसतो, हा विज्ञानकथेच्या अभ्यासातील पहिला प्रश्न होय. सामाजिक कादंबरीच्या बाबतीत हा प्रश्न इतक्या तीव्रतेने उपस्थित होत नाही. तेथे वाडा, चाळ, कचेरी, लग्नकार्य यांचे वाचकाला पूर्वज्ञान असते आणि त्या ज्ञानाच्या आधारावर लेखकाला आपली कथा उभी करता येते. विज्ञानकथेच्या लेखकाला हा आधार अंशतःच उपलब्ध असतो. कथेच्या केंद्रस्थानी असलेली गोष्ट वाचकाने कधी पाहिलेली नसते. पाहणे शक्यही नसते.

या प्रश्नाला सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. कथेतील विज्ञान अचूक असले म्हणजे कथा विश्वसनीय होते, हे पहिले उत्तर. बारीकसारीक तपशिलांची रेलचेल केली म्हणजे भ्रम निर्माण होतो, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत सत्याचा काही अंश आहे. परंतु दोन्ही अपुरी आहेत. विज्ञानकथेची प्रत्ययकारिता अखेरीस तिच्या पात्रांवर अवलंबून असते, आणि तीही एका विशिष्ट अर्थाने, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भारतीय साहित्यशास्त्राने या प्रश्नाचा विचार फार पूर्वी केलेला आहे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायावरील टीकेत अभिनवगुप्ताने रसास्वादाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील पहिलेच विघ्न ‘संभावनाविरह’ हे होय. समोर जे दाखविले जात आहे ते संभवनीय आहे असे प्रेक्षकाला वाटलेच नाही, तर त्याचे चित्त तेथे विसावत नाही आणि पुढचा सारा व्यापार खुंटतो. या विघ्नाच्या परिहाराचे दोन मार्ग अभिनवगुप्ताने दाखविले आहेत. वर्ण्य विषय लोकसामान्य असेल तर प्रेक्षकाचा हृदयसंवाद सहज घडतो. विषय अलोकसामान्य, म्हणजे सामान्य माणसाच्या शक्तीपलीकडील पराक्रमांचा असेल, तर रामासारखा प्रख्यात नायक घ्यावा. कारण त्याच्या नावाभोवती पिढ्यानुपिढ्या दृढ झालेली श्रद्धा त्या पराक्रमांना आधार देते. समुद्र ओलांडणे एरवी अशक्य असले तरी रामकथेत ते अशक्य वाटत नाही.

विज्ञानकथेची अडचण यामुळे नेमकी लक्षात येते. तिचा विषय अलोकसामान्य असतो. पण तिच्या नायकाला ख्यातीचा आधार नसतो. काळयंत्रात बसणारा मनुष्य, अदृश्य होणारा संशोधक किंवा परग्रहाचा संदेश वाचणारा खगोलज्ञ यांच्यामागे कोणतीही परंपरा उभी नसते. मग ख्यातीची जागा येथे कोणी घ्यावयाची? हाच या विवेचनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

२

या प्रश्नाचे अर्धे उत्तर एच. जी. वेल्स यांनी दिले आहे. १९३३ साली त्यांच्या वैज्ञानिक अद्भुतकथा एकत्रित स्वरूपात प्रसिद्ध झाल्या. त्या संग्रहाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या लेखनरीतीचा उलगडा केला. त्याचे सार असे की, लेखकाने अशक्य गोष्ट एकच मागून घ्यावी. ती वाचकाच्या गळी उतरली की उरलेले सर्व जग नेहमीचे, घरगुती आणि मानवी ठेवावे. कथेत काहीही घडू शकत असेल तर कशाचेच कुतूहल उरत नाही. अद्भुत गोष्टीचे स्वारस्य त्या गोष्टीत स्वतःमध्ये नसून, तिच्यामुळे माणसाच्या भावनांवर आणि व्यवहारावर जो प्रकाश पडतो त्यात असते, असा त्यांचा अभिप्राय होता.

या नियमाचे महत्त्व मराठी कादंबरीच्या आरंभकाळाकडे पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’ (१८६८) सारख्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत चमत्कारांची कमतरता नाही. आपल्या लोकांचे नित्याचे जीवन रुक्ष आहे, त्यात कथेला पुरेसे वैचित्र्य नाही, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशी त्या लेखनामागील भूमिका होती. तेथे अद्भुत हे नित्यजीवनाला पर्याय म्हणून येते. वेल्स यांच्या पद्धतीत उलट आहे. तेथे अद्भुताची एक पाचर नित्यजीवनात ठोकली जाते, आणि त्या जीवनाची घडण कशी आहे हे पडलेल्या भेगेतून दिसू लागते. पहिल्या प्रकारात चमत्कार वाढवीत न्यावे लागतात; दुसऱ्यात ते आवरून धरावे लागतात.

‘द इन्व्हिजिबल मॅन’ (१८९७) ही कादंबरी या पद्धतीचा उत्तम नमुना होय. ग्रिफिन नावाचा संशोधक स्वतःला अदृश्य करतो, एवढे एकच गृहीतक तीत आहे. ते पटवून देण्यासाठी वेल्स परिचित अनुभवांचा आधार घेतात. काचेचा चुरा हवेत पांढरा दिसतो. तोच पाण्यात टाकला की जवळजवळ नाहीसा होतो, कारण काच आणि पाणी यांच्या वक्रीभवनांकांत फारसे अंतर नाही. कागदावर तेल सांडले की तो पारभासक होतो. मानवी शरीराच्या घटकांचा वक्रीभवनांक हवेइतका करता आला तर शरीरही दिसेनासे होईल, असा ग्रिफिनचा युक्तिवाद आहे. रक्ताचा तांबडेपणा आणि केसांतील रंगद्रव्य या अडचणी उरतात. म्हणून ग्रिफिनच्या शरीरात रंगद्रव्य जवळजवळ नाहीच, अशी व्यवस्था लेखकाने केली आहे. मांजरावरील प्रयोगातही डोळ्यांच्या मागील चकाकणारा पडदा आणि नखे शेवटपर्यंत दिसत राहतात.

हा युक्तिवाद कितीही चातुर्याचा असला तरी विज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. रशियन विज्ञानप्रसारक याकोव्ह पेरेलमन यांनी त्यातील उणीव दाखवून दिली आहे. डोळ्यांतील भिंग आणि भोवतालची हवा यांचा वक्रीभवनांक एकच झाला तर प्रकाशकिरण वळणार नाहीत. दृष्टिपटल पारदर्शक झाले तर त्यावर प्रकाश शोषला जाणार नाही. सारांश, अदृश्य मनुष्य आंधळा असेल. हा आक्षेप निर्णायक आहे. तरीही तो समजल्यानंतर कादंबरी फेकून देणारा वाचक विरळा. यावरून असे दिसते की, वैज्ञानिक अचूकता हा विज्ञानकथेच्या प्रत्ययाचा अंतिम पाया नाही. मागून घेतलेल्या गृहीतकातील दोष वाचक क्षमा करतो. त्या गृहीतकापासून पुढे जे परिणाम निघावयास हवेत ते लेखकाने टाळले, तर मात्र तो क्षमा करीत नाही.

३

परिणामांचा विचार हेच वेल्स यांच्या कादंबरीचे बलस्थान आहे. अदृश्य होण्याची कल्पना जुनी आहे. लोककथांतील अंजन किंवा टोपी घालून अदृश्य होणाऱ्या नायकाला थंडी वाजत नाही. ग्रिफिनला वाजते. शरीर अदृश्य झाले तरी कपडे दृश्यच राहतात, म्हणून त्याला लंडनमध्ये ऐन जानेवारीत उघड्या अंगाने हिंडावे लागते. बर्फ पडू लागले तर ते त्याच्या अंगावर साचून आकृती उघड करील. चिखलातून चालल्यास अनवाणी पावलांचे ठसे उमटतात आणि ते पाहून मुले मागे लागतात. माणसांच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या ग्रिफिनला कुत्रे वासाने ओळखते. खाल्लेले अन्न शरीरात जिरेपर्यंत दिसत राहते, म्हणून जेवावयाचे ते एकांतात. पापण्या पारदर्शक असल्यामुळे डोळे मिटूनही अंधार होत नाही.

या सर्व तपशिलांत एक समान सूत्र आहे. प्रत्येक तपशील पात्राच्या देहावर येऊन आदळतो. थंडी, भूक आणि झोप या गोष्टी वाचकाला स्वानुभवाने ठाऊक असतात. वक्रीभवनांकाविषयी त्याची खात्री नसली तरी थंडीविषयी असते. आणि थंडीवर विश्वास बसल्यावर नकळत अदृश्यतेवरही बसतो. अभिनवगुप्ताच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे अलोकसामान्य घटनेच्या पोटात लोकसामान्य अनुभव ठेवलेला आहे. प्रख्यात नावाने जे कार्य करावयाचे ते पात्राच्या हुडहुडीने केले आहे.

परिणामांची ही साखळी कथानकही घडविते. थंडीमुळे कपडे हवेत. कपडे घातले की चेहऱ्याच्या जागी पोकळी दिसते. ती झाकण्यासाठी पट्ट्या, काळा चष्मा आणि खोटे नाक हवे. आणि या वेषामुळे आयपिंग खेड्यातील लोकांचा संशय वाढतो. जी शक्ती स्वातंत्र्यासाठी मिळविली तीच कैद ठरते. लेखकाने वरून एकही संकट आणलेले नाही.

तथापि केवळ परिणामांच्या हिशेबाने पात्र उभे राहत नाही. ग्रिफिनचा स्वभाव अदृश्यतेने निर्माण केलेला नाही, ही बाब समीक्षकांनी विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. प्रयोगासाठी पैसा कमी पडला तेव्हा त्याने स्वतःच्या वडिलांचे पैसे चोरले. ते पैसे वडिलांचेही नव्हते आणि त्यामुळे त्यांनी आत्महत्या केली. अंत्यविधीच्या वेळी ग्रिफिनला दुःख झाले नाही. हे सर्व अदृश्य होण्यापूर्वीचे आहे. माणसांना न पाहण्याची सवय त्याला आधीपासूनच होती. पुढे माणसांना तो दिसेनासा झाला. गृहीतक आणि स्वभाव यांचे हे नाते सांकेतिक अर्थाने लादलेले वाटत नाही, कारण ते घटनांतूनच उलगडते. मदतीची सर्वाधिक गरज असताना ग्रिफिनला मदत मिळत नाही. त्याचे कारण त्याची अदृश्यता नव्हे, उर्मटपणा होय.

आयपिंगची खाणावळवाली मिसेस हॉल हे पात्रही असेच कार्य करते. तिला विज्ञानाशी कर्तव्य नाही. पाहुण्याने बिल चुकते करावे आणि सामानसुमानाची मोडतोड करू नये, एवढेच तिचे म्हणणे. अशा पात्राच्या नजरेतून अद्भुत घटना आधी दाखविल्याने तिला व्यवहाराचे वजन प्राप्त होते. ग्रिफिन स्वतःची हकीकत सांगतो ती पुष्कळ पुढे, आपला जुना सहाध्यायी डॉक्टर केम्प याला. तोपर्यंत वाचकाने परिणाम पाहिलेले असतात; कारण तो मागाहून ऐकतो. कादंबरीच्या अखेरीस जमावाच्या हातून मरण आल्यावर ग्रिफिनचा देह हळूहळू दिसू लागतो, आणि तेव्हा त्याचा चेहरा झाकण्यास सांगितले जाते. जगाने ज्याला पाहावे असा तो मनुष्य फक्त मृत्यूनंतर दिसतो. या क्षणी वाचकाला वक्रीभवनांकाची आठवणही होत नाही.

४

येथपर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप घेता येईल. विज्ञानकथेत पात्राला इतके महत्त्व द्यावे काय? या प्रश्नावर इंग्रजी समीक्षेत मोठा वाद झालेला आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजू विचारार्ह आहेत.

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२४ साली मांडलेल्या ‘मिस्टर बेनेट अँड मिसेस ब्राउन’ या निबंधात आगगाडीच्या डब्याच्या कोपऱ्यात बसलेल्या एका वृद्ध, चिंताग्रस्त स्त्रीची कल्पना केली आहे. कादंबरीकाराने या स्त्रीला पाहावे, हा निबंधाचा आग्रह. वुल्फ यांनी ज्यांच्यावर टीका केली त्यांत वेल्स हेही होते. मिसेस ब्राउनसमोर बसवले तर वेल्स तिच्याकडे न पाहता खिडकीच्या काचेवर एका सुधारलेल्या जगाचे चित्र रेखाटतील, आणि त्या जगात मिसेस ब्राउनसारख्या व्यक्तीला स्थानच नसेल, असा त्यांचा आरोप होता. अर्सुला ले ग्विन यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हाच प्रश्न विज्ञानकथेला विचारला. अंतराळयानाच्या आसनावर मिसेस ब्राउन बसू शकेल काय? बसू शकत नसेल तर विज्ञानकथेने कादंबरी म्हणवून घेऊ नये, इतक्या स्पष्टतेने त्यांनी तो मांडला.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे सी. एस. लुईस यांनी १९५५ च्या केंब्रिज येथील व्याख्यानात सांगितले. घटना जितक्या विलक्षण, तितकी पात्रे साधी असावीत. विलक्षण घटना विलक्षण माणसांवर कसा परिणाम करतात हे सांगू गेल्यास वैलक्षण्याचा अतिरेक होतो. गलिव्हर आणि ॲलिस ही म्हणूनच सामान्य पात्रे आहेत. किंग्स्ली एमिस यांनीही १९६० साली, विज्ञानकथेत कल्पना हीच नायकाच्या स्थानी असते, असे प्रतिपादन केले.

दोन्ही पक्ष परस्परविरोधी वाटले तरी ‘सामान्य’ या शब्दाच्या दोन अर्थांमुळे हा विरोध भासतो. लोकसामान्य पात्र आणि पोकळ पात्र यांत भेद केला पाहिजे. लुईस यांनी निर्दिष्ट केलेला गलिव्हरच घ्यावा. तो बुद्धीने व शीलाने असामान्य नाही, हे खरे. परंतु तो जहाजावरील शस्त्रवैद्य आहे. लांबी, रुंदी, वजन यांची नोंद ठेवण्याची त्याला सवय आहे. आणि लिलिपुटच्या सहा इंची माणसांवर वाचकाचा विश्वास बसतो तो या सवयीमुळे. शिवाय विवेकी अश्वांच्या देशातून परत आल्यावर त्याला स्वतःच्या बायकामुलांचा वासही सहन होत नाही. प्रवासाने त्याच्याकडून काहीतरी कायमचे हिरावून घेतले आहे. गलिव्हर लोकसामान्य आहे, पण पोकळ नाही.

म्हणून असे म्हणता येईल की, विज्ञानकथेतील पात्राला सामाजिक कादंबरीतील पात्राइतका विस्तार आवश्यक नाही. परंतु दोन गोष्टी आवश्यक आहेत. गृहीतक कथेत येण्यापूर्वी त्या पात्राला एखादी सवय, एखादा व्यवसाय, एखादे नाते असले पाहिजे. आणि गृहीतकाने जे जग पालटते त्याची किंमत त्याच सवयीतून, व्यवसायातून किंवा नात्यातून वसूल झाली पाहिजे.

५

ही किंमत कशी वसूल व्हावी, याची दोन भिन्न उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. टॉम गॉडविन यांची ‘द कोल्ड इक्वेशन्स’ ही कथा १९५४ साली प्रसिद्ध झाली. औषध घेऊन निघालेल्या एका लहान यानात आपल्या भावाला भेटण्याच्या ओढीने एक तरुणी लपून बसते. यानात इंधन मोजके आहे. तिच्या वजनासह ते उतरू शकणार नाही. तिला बाहेर सोडण्यावाचून चालकाला गत्यंतर उरत नाही. निसर्गनियमांना दयामाया नसते, हे कथेचे सूत्र. संपादक जॉन कॅम्पबेल यांनी मुलीच्या मृत्यूचा आग्रह धरला होता, हेही प्रसिद्ध आहे.

कथा वाचकाला हलवून सोडते. तथापि तिच्यावरील आक्षेप अजून थांबलेले नाहीत. ज्या यानात एका माणसाचे वजनही जास्त होते त्याच्या दाराला पहारा का नाही? उड्डाणापूर्वी तपासणी का होत नाही? आणीबाणीसाठी इंधनाचा थोडाही जादा साठा का नाही? म्हणजे मुलगी मरते ती निसर्गनियमामुळे की ढिसाळ व्यवस्थेमुळे? येथे विज्ञानाचे गणित चुकलेले नाही. परंतु परिणाम गृहीतकातून निघण्याऐवजी इष्ट परिणामासाठी गृहीतक बेतलेले आहे, असा संशय येतो, आणि संभावनाविरह पुन्हा डोके वर काढतो. अदृश्य मनुष्य आंधळा असावयास हवा हा आक्षेप वाचक विसरतो. यानाच्या दाराला पहारा हवा होता हा आक्षेप विसरत नाही. कारण पहिला आक्षेप पदार्थविज्ञानाचा आहे, दुसरा माणसांच्या वर्तनाचा. माणसांच्या वर्तनाविषयी प्रत्येक वाचक जाणकार असतो.

दुसरे उदाहरण मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीचे. येथे विज्ञानाचा तपशील जवळजवळ नाहीच. निर्जीव देहात प्राण कसा घातला हे सांगण्यास व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन स्पष्ट नकार देतो. सर्व श्रम लेखिकेने निर्मित प्राण्याच्या घडणीवर खर्च केले आहेत. तो एका झोपडीला लागून असलेल्या आडोशात लपतो आणि भिंतीच्या फटीतून डी लेसी कुटुंबाचे जीवन पाहत राहतो. ती माणसे तोंडाने काही ध्वनी काढतात आणि त्यामुळे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हर्ष किंवा विषाद उमटतो, हे त्याच्या प्रथम ध्यानात येते. मग एकेक शब्द, नंतर वाचन. घरी आलेल्या परदेशी तरुणीला भाषा शिकविली जात असताना तोही चोरून शिकतो. कुटुंबातील वृद्ध अंध आहे. म्हणून तोच एकटा त्या प्राण्याचे बोलणे शांतपणे ऐकून घेऊ शकतो. डोळस मुलगा परत येताच प्राण्याला मार खावा लागतो.

या प्रसंगात पात्राचा विकास आणि गृहीतकाचा परिणाम हे दोन्ही एकरूप झाले आहेत. प्रौढ देहात जन्मलेल्या जीवाला भाषा कोठून मिळणार, हा गृहीतकातून अपरिहार्यपणे निघणारा प्रश्न. आणि भाषा मिळाली तरी संवाद मिळणार नाही, हे त्या पात्राचे दुःख. अमानवी पात्र रंगवितानाही प्रत्यय येतो तो मानवी शिक्षणाच्या परिचित पायऱ्यांमुळे, हे येथे दिसून येते.

६

मराठीपुरते पाहिल्यास या विवेचनाला सर्वांत उपयुक्त ठरणारी कथा जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही होय. नारळीकर (१९३८–२०२५) यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली आणि तिला पहिले पारितोषिक मिळाले. आद्याक्षरे उलटी करून घेतलेल्या त्या नावामागे, कथेचा निवाडा लेखकाच्या कीर्तीवरून होऊ नये हा हेतू होता. पुढील लेखनात खगोलशास्त्रीय कल्पना विपुल आल्या. परंतु पानिपताच्या या कथेचे वैशिष्ट्य वेगळे आहे. ‘द ॲडव्हेंचर’ या नावाचे तिचे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्यामुळे ती महाराष्ट्राबाहेरही वाचली गेली.

गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा जय झाला असता तर काय झाले असते, या विचारात असताना त्यांना अपघात होतो, आणि असा जय खरोखर झालेल्या जगात ते जाऊन पोचतात. त्या जगात विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. ती कानाजवळून निघून गेली आहे. इंग्रजांची सत्ता देशभर पसरलेली नाही. गृहीतक एकच: एक गोळी, काही अंगुळांचे अंतर.

येथे अभिनवगुप्ताचे दोन्ही उपाय एकत्र आलेले दिसतात. विश्वासराव आणि पानिपत ही मराठी वाचकाच्या दृष्टीने प्रख्यात नावे आहेत. त्या पराभवाची सल भाषेतच मुरलेली आहे. एखाद्याचे पानिपत झाले असे आजही म्हटले जाते. ख्यातीचा जो आधार विज्ञानकथेला सहसा मिळत नाही, तो येथे मिळाला आहे. आणि तिच्या जोडीला गंगाधरपंत हे पूर्णतः लोकसामान्य पात्र आहे. सभांचे अध्यक्षस्थान भूषविण्याची त्यांना सवय आहे. नऊशे नव्याण्णव अध्यक्षीय भाषणे झालेली असून हजारावे व्हावयाचे आहे. असा गृहस्थ महाराष्ट्रातील कोणत्याही वाचकाने पाहिलेला असतो.

ही सवयच कथेला कलाटणी देते. आझाद मैदानावर एक व्याख्यान चालू असते आणि व्यासपीठावर अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते. त्या जगात सभांना अध्यक्ष नेमण्याची प्रथाच बंद झाली आहे, हे गंगाधरपंतांना ठाऊक नाही. रिकामी खुर्ची पाहून ते न राहवून व्यासपीठावर चढतात, खुर्चीत बसतात आणि बोलू लागतात. श्रोते आधी समजावतात, मग हाती येईल ते फेकून मारतात. इतिहास पालटलेल्या जगाचे वेगळेपण लेखकाने अनेक रीतींनी सांगितले आहे. पण ते जग खरे वाटते ते या प्रसंगात. तेथे गंगाधरपंतांना विरोध करणारे एखादे सैन्य नाही. त्यांना विरोध करते ती त्यांची स्वतःची, एका जगात मान देणारी आणि दुसऱ्या जगात हास्यास्पद ठरणारी सवय.

पुराव्याचा भागही तितकाच मार्मिक आहे. गंगाधरपंत इतिहासलेखनात बखरींवर सहसा विसंबत नाहीत. आपण पाहिलेले जग खरे होते हे सिद्ध करण्यासाठी मात्र त्यांच्या खिशात एकच वस्तू उरते. ती म्हणजे त्या जगातील बखरीचे फाटलेले पान. व्यवसायाने ज्या साधनाला कमी लेखले त्याचाच आश्रय करण्याची वेळ इतिहासकारावर येते. कथेच्या अखेरीस राजेंद्र देशपांडे हे शास्त्रज्ञ मित्र आपत्ती-सिद्धांत आणि पुंजभौतिकीतील अनिश्चितता यांच्या साहाय्याने घटनेची उपपत्ती लावतात. ती उपपत्ती बुद्धीला चालना देते. परंतु कथेचा शेवट तीवर होत नाही. हजारावे भाषण आझाद मैदानावर होऊन गेले, यापुढे अध्यक्षपद स्वीकारणार नाही, असे गंगाधरपंत सांगतात. एका जगातून दुसऱ्या जगात जाऊन आल्याची किंमत त्यांनी आपल्या खुर्चीने चुकविली आहे. विनोदी अंगाने का होईना, पात्र पालटले आहे, आणि ते पालटल्यामुळेच प्रवास घडला होता यावर वाचकाची खात्री पटते.

७

या विवेचनातून विज्ञानकथेच्या परीक्षणासाठी आणि लेखनासाठीही काही निकष हाती येतात. कथेने किती अशक्य गोष्टी मागून घेतल्या आहेत, हा पहिला. एकीपेक्षा अधिक मागितल्या असतील तर त्या परस्परांपासून निघतात की सोयीनुसार आल्या आहेत, हे पाहावे. गृहीतकाचे परिणाम पात्राच्या भूक, झोप, पैसा, मान आणि नाती यांपर्यंत पोचतात काय, हा दुसरा. गृहीतकापूर्वी त्या पात्राला काही जीवन होते काय, हा तिसरा. आणि कथेतील माणसे, अगदी पार्श्वभूमीवरील माणसेसुद्धा, अशा परिस्थितीत माणसे जशी वागतील तशी वागतात काय, हा चौथा. वैज्ञानिक अचूकतेचा प्रश्न या चारांनंतर यावा. तो गौण आहे असे नव्हे. कारण टाळता येण्याजोगी चूक जाणकार वाचकाला खुपतेच. परंतु अचूक विज्ञान निर्जीव पात्रांना वाचवू शकत नाही.

या निकषांची आवश्यकता केवळ तात्त्विक नाही. मराठी समीक्षेत विज्ञानकथेला दोन प्रकारे अन्याय होत आला आहे. कधी तिला विज्ञानप्रसाराचे साधन मानून तिच्यातील माहितीची तपासणी केली जाते. कधी सामाजिक कादंबरीची मापे लावून तिच्यातील पात्रे उथळ ठरविली जातात. पहिल्या पद्धतीत ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही आपत्ती-सिद्धांताची ओळख ठरते आणि रिकामी खुर्ची निसटते. दुसऱ्या पद्धतीत गंगाधरपंत हे एका सवयीपुरते रेखाटलेले पात्र ठरते, आणि ती एक सवय दोन जगांमधील अंतर मोजण्याचे माप आहे ही गोष्ट निसटते. विद्यार्थ्याने या प्रकाराकडे वळताना दोन्ही मापे बाजूस ठेवून, कल्पिलेल्या जगाचे ओझे कोणत्या माणसाच्या खांद्यावर आणि नेमके कोठे पडले आहे, हे प्रथम शोधावे. ते सापडत नसेल तर त्या कथेत विज्ञान असेल, कल्पनाही असेल; परंतु प्रत्यय नसेल.